पाकिटातला डावखुरा

आयुष्यात आपण दोनच गोष्टी अचूक केल्या, असं आमच्या गल्लीतले हिबिनो तोकुझोकाका स्वतःच सांगतात. एक, तोयोहाशीची ट्राम एकतीस वर्षं चालवली, एकदाही उशीर नाही. आणि दुसरी, यंदाच्या ऑगस्टात बायकोपासून एक पत्ता लपवला.

"असा लपवलाय," न्हाणीतल्या आरशाला ते म्हणाले, "की मलासुद्धा सापडायचा नाही!"

पितरांनी ऐकलं बहुतेक.

पत्ता म्हणजे मेन्को हो! जाड पुठ्ठ्याचा, वर बेसबॉलच्या खेळाडूचं भडक चित्र. समोरच्याचा पत्ता जमिनीवर, आणि आपला शेजारी असा आपटायचा की वाऱ्याने त्याचा उलटला पाहिजे. उलटला की आपला झाला. आम्ही सगळे ह्यावरच वाढलो. तोकुझोकाका नऊ वर्षांचे असताना त्यांचा लाडका पत्ता, डावखुरा पिचर ओनिझुका, असाच एका फटक्यात गेला. पोराला तीन दिवस ताप होता म्हणे! मोठेपणी काकांनी चारशेवर जुने पत्ते जमवले, पण वहीच्या पहिल्या पानावरचा मधला कप्पा रिकामाच ठेवला.

"तिथे दुसरा कोणी बसणार नाही!" ते ठणकावून सांगत.

मात्र गेल्या वर्षी ह्या चारशे वीरांच्या ओझ्याने भिंतीवरची फळी निखळली आणि थेट फुकुएकाकूंच्या शिवणयंत्रावर कोसळली. यंत्र गेलं. काकू तीन दिवस काही बोलल्या नाहीत, तेव्हा काका घाबरले आणि वडिलांच्या तसबिरीपुढे हात जोडून म्हणाले, "यापुढे एकही पत्ता घेणार नाही. शपथ!"

आणि ह्या जुलैत, नागोयाच्या जुन्या बाजारात, मोडक्या शिट्ट्यांच्या डब्याच्या तळाशी कोण? ओनिझुका! साठ वर्षांनी! शपथ गेली चुलीत.

आता लपवायचा कुठे? काकूंना घरातली प्रत्येक सुई ठाऊक. पण काका ट्रामचे ड्रायव्हर, दूरवर बघायची सवय! ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात, देवळातले महाराज घरोघर जाऊन त्यांच्यापुढे सूत्रं म्हणतात, आणि त्यांना दक्षिणेचं पांढरं पाकीट द्यायचं असतं. काकांनी तसलंच पाकीट आणलं, ओनिझुका आत सारला, वर ब्रशने झोकदार अक्षरांत 'दक्षिणा' लिहिलं आणि पितरांच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिलं. दक्षिणेचं पाकीट फोडून बघतो कोण? महाराज आपल्याकडे यायचे पंधरा तारखेला. चौदाला काढून घेऊ.

यंदा महाराज तेरालाच आले. उन्हाच्या तडाख्याने त्यांनी गल्ल्यांचा क्रम बदलला होता. काका तेव्हा न्हाव्याकडे.

"अगं, हा उदबत्तीचा वास कसला?" दारातच काकांनी विचारलं.

"महाराज येऊन गेले."

"गेले? आणि... पाकीट?"

"दिलं की! खणातलं. काय सुंदर लिहून ठेवलं होतंत हो! मी म्हटलं, आमच्या ह्यांनाही कधी कधी सुचतं."

खरं सांगावं तर शपथ उघडी पडते, गप्प बसावं तर ओनिझुका जातो.

"मी जरा माशाचे चिकुवा घेऊन येतो!"

"फ्रीजमध्ये पाच आहेत."

"ताजे!" असं ओरडून काका सायकलवर बसलेसुद्धा.

महाराजांची स्कूटर सुगिउरा आजींच्या दारातून नुकतीच वळताना दिसली. काका पुढे सटकणार, तेवढ्यात आजींनी हाक मारली.

"अगोबाई, तोकुझो! ओबोनला दारावरून जायचं नसतं हो. आमच्या ह्यांना भेटून जा."

आजींचे हे जाऊन अकरा वर्षं झाली होती. काका आत गेले, उदबत्ती लावली, घंटी वाजवली, हात जोडले. मग जवाचा गार चहा, मग कलिंगडाची फोड. नाही म्हणायची सोय नाही! बाहेर आले तर स्कूटर कानेदांच्या चहाच्या दुकानापाशी. तिथे पोचले तर महाराज गेलेले, पण कानेदावहिनी पदराने, म्हणजे एप्रनने, वारा घालत उभ्या!

"या या काका! सासऱ्यांना भेटून जा!"

उदबत्ती, घंटी, चहा, कलिंगड.

"वहिनी, मला वेळ फार थोडा आहे हो," काका काकुळतीला आले.

"असं बोलू नका काका!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी लगेच दुसरी फोड वाढली.

काका तिसऱ्या घरी पोचायच्या आत आजींचा फोन वहिनींकडे आला होता.

"अगं, चेहरा पांढराफटक! आमच्या ह्यांच्यासमोर हात जोडून डोळे ओले. हे जिवंत असताना धड नमस्कार करत नव्हता!"

"आजी, इथे म्हणाले, वेळ फार थोडा आहे!"

"अरे देवा! म्हणजे सगळ्यांचा निरोप घेत फिरतोय बिचारा!"

चौथ्या घरी दोन फोडी आल्या. सहाव्या घरी मालकीण दारातच रडत होती.

"काका, डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

"दिवस कसले? मला पाच मिनिटं नाहीत!" काका ओरडले. ती बाई मटकन खालीच बसली.

सात घरं, सात उदबत्त्या, बारा फोडी! पोटात कलिंगडाचा तलाव घेऊन काका देवळाच्या पायऱ्या चढले, तेव्हा महाराज बादलीत पाय सोडून ओसरीवर बसले होते. शेजारी फोन.

"या, तोकुझोराव. मला सगळं कळलंय."

"कळलं? म्हणजे तुम्ही उघडलंत?"

"मनच उघडं ठेवायचं. आलेला प्रत्येकजण जाणारच. जाताना बरोबर काही नेता येत नाही."

"महाराज, मला फक्त ओनिझुका न्यायचाय!"

"कोण हा ओनिझुका?"

मग काकांनी सगळं ओकून टाकलं: फळी, शिवणयंत्र, शपथ, शिट्ट्यांचा डबा. महाराज इतके हसले की बादली लवंडली. आतून ते पाकिटांचं तबक घेऊन आले. काकांचं झोकदार अक्षर लगेच सापडलं. काकांनी पाकीट पुढे केलं, महाराजांनी उघडलं.

आत कोऱ्या करकरीत नोटा. ओनिझुका नाही.

पाकीट उलटं केलं, झटकलं, उजेडात धरलं. नाही म्हणजे नाही. काका पायरीवर बसले आणि ह्या वयात त्यांना चक्क रडू फुटलं. एकच पत्ता माणसाने दोनदा कसा हरवावा!

"महाराज," ते डोळे पुसत म्हणाले, "आता मात्र खरंच आजारी वाटतंय."

सायकल हातात धरून ते घरी आले. दारात सात खोक्यांतली सात खरबुजं रांगेत मांडलेली, आणि त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवून काकू.

"अहो, तुम्ही मरताय म्हणे! मला सांगून तरी मरायचं!"

"फुकुए, मी शपथ मोडली," काका खाली मान घालून म्हणाले. "आणि तो गेला तो गेलाच."

"वही उघडा."

काकांनी वही उघडली. पहिल्या पानावर, मधल्या कप्प्यात, डावा हात उंच करून ओनिझुका उभा!

"पाकीट हातात घेतलं तर पापडासारखं कडक," काकू म्हणाल्या. "बघितल्याशिवाय महाराजांच्या हातात कशी देणार होते मी? नोटा भरल्या आणि ह्याला जागेवर बसवला."

"पण तू ओळखलास कसा?"

"लग्नानंतर आतामीला गेलो होतो, आठवतंय? मी नवा किमोनो नेसले होते. समोर समुद्र. आणि तुम्ही दोन दिवस नुसते ह्याच्याबद्दल बोलत होतात! टोपी मागे सरकलेली, हनुवटीवर तीळ, मागच्या कोपऱ्याला शाईचा डाग. त्रेचाळीस वर्षं झाली, अजून पाठ आहे मला."

काका पुटपुटले, "आणि शपथ?"

"ती तुमच्या बाबांपुढे घेतली होती ना? पत्ता त्यांच्याच खणात ठेवलात. ते काही बोलले नाहीत, मी कोण बोलणार?"

काकांनी नाक पुसलं, वही छातीशी धरली. एवढं सुख त्यांना ट्राम पहिल्यांदा हाकली तेव्हाही झालं नव्हतं.

"बरं," काकू म्हणाल्या, "तुम्हाला बरं कधी वाटतंय?"

"म्हणजे?"

"आजाऱ्याला भेट आली की बरं वाटल्यावर परतभेट घेऊन स्वतः जावं लागतं. सात घरं आहेत. आणि ओबोन अजून तीन दिवस आहे."

काकांनी पोटावर हात ठेवला.

"उद्या सकाळी निघा," काकू म्हणाल्या. "सुगिउरा आजींचा फोन होता. तुमच्यासाठी मोठं कलिंगड विहिरीत सोडून ठेवलंय!"