निशाणदाराच्या नऊ शेरी गोळ्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन, कुलस्वामिनीस नमन. ज्या राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही ऐशा एका राज्यात, शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरी जे वर्तमान घडले, ते ऐकिले तैसे लिहिले आहे. अधिकउणे थोरांनी सांभाळून घ्यावे.

त्या राज्याचे निशाणदार येमाजीराव. चार पिढ्या निशाण त्यांचे घरी. मागील दसऱ्यास सीमोल्लंघनाचे समयी नदीकाठी वारा सुटला आणि निशाण वळविताना येमाजीरावांची कंबर धरली आणि काठी हातभर कलली, आणि शेजारच्या राज्याचा वकील ते पाहून मिशीत हसला. मग कारभारी भर दरबारी बोलिले, "पुन्हा काठी कलली तर निशाण दुसऱ्या घरी जाईल." येमाजीराव पन्नाशी उलटलेले, हिवतापातून उठलेले, मूळचे अबोल. मुजरा करून घरी आले आणि दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

पुढे आषाढमासी महाराजांनी लखबा वस्तादास बोलावून आज्ञा केली की, दरबार सारा सुस्त जाहला आहे, अंगे हलवावी. वस्तादाने मोच्याकडून चामड्याचे गोळे शिवविले आणि आत रेती घातली आणि रेती एका अंगास सरू नये म्हणून वर कोंडा ठासून भरविला. मग अर्ज केला की, "महाराज, ज्यास जो पेलेल तो त्याने घ्यावा. दहा वेळा भिंतीवर फेकून पाहावा. दहावी फेक पहिलीसारखीच सणसणीत गेली तर गोळा आपला. हात मंदावला, पाठ वाकली, तर तो जड." महाराजांनी मान डोलविली, परंतु कारभाऱ्यांस पटले नाही. ते म्हणाले, "वस्ताद, हे तुमच्या तालमीत चालत असेल. दरबारात जो तो आपल्या मर्जीने वजन उचलू लागला तर मानमरातब राहिला कोठे?" आणि त्यांनी मानाप्रमाणे गोळ्यांची याद लिहून काढली: महाराजांस पंधरा शेरांचा गोळा, किनखापाची गवसणी, निशाणदारास नऊ शेरांचा, जरीची गवसणी, आणि ऐसे उतरत उतरत शेवटी मुदपाकखान्याच्या गोजराबाईंस तीन शेरांचा, गोणपाटाची गवसणी.

मग येमाजीरावांनी नऊ शेर उचलला आणि तिसऱ्याच फेकीस कंबरेत उसण भरली आणि गोळा पायांशी पडला, आणि शिलेदार तोंडे फिरवून हसले. आठ दिवस ऐसेच चालले. नवव्या दिवशी येमाजीराव तालमीमागे एकटेच बसले असता गोजराबाई तेथे आल्या आणि म्हणाल्या, "रावजी, गोळ्यावर रुसलात की काय?"

"बाई, दसरा जवळ आला. हा गोळा माझा घात करणार."

"मग बदला की."

"मानाचा आहे तो."

"मान फेकायचा आहे का गोळा? माझा घ्या. मला तो पुरणाच्या उंड्यासारखा लागतो. रोज कणीक तिंबते ती याच्या दसपट!" ऐसे बोलून बाईंनी पदर खोचला आणि नऊ शेर उचलून दहा वेळा भिंतीवर हाणला, आणि दहाव्या फेकीस गिलाव्याचा पोपडा पडला. येमाजीराव उठून वस्तादास बोलावून आले. मग वस्तादास साक्षी ठेवून दोघांनी गवसण्या बदलल्या. जरीत तीन शेर, गोणपाटात नऊ.

तेथून खरी मेहनत सुरू जाहली. वस्ताद ओरडत, "हाताने नव्हे रावसाहेब, पायांपासून! गुडघा वाकवा, कंबर वळवा, फेकताना श्वास सोडा. आणि झेलताना कोपर ताठ कशास? गोळा आहे तो, वैरी नव्हे!" दहा फेका जाहल्या की विसावा, मग दुसरे अंग. आणि दर पंधरवड्यास मोची शिवण उसवून अर्धा शेर रेती वाढवी.

भाद्रपदात महाराज अवचित तालमीत आले आणि कौतुकाने जरीचा गोळा उचलिते जाहले, तो हातास हलका लागला. कारभारी लाल जाहले. "हा तर मानाचा अपमान! निशाण आजच काढून घ्यावे." येमाजीराव पुढे होऊन बोलिले, "महाराज, कसूर माझी. नऊ शेरांनी कंबर मोडत होती, म्हणून पेलेल तो घेतला. बाईंकडे बोल नाही."

"आहे की!" गोजराबाई म्हणाल्या. "युक्ती माझीच, महाराज."

महाराजांनी गोळा या हातातून त्या हातात केला आणि कारभाऱ्यांस सरबत सांगण्यास पाठविले. ते गेल्यावर हळूच म्हणाले, "वस्ताद, आमचा पंधरा शेरांचा आम्ही पहिल्या दिवसानंतर उचललाच नाही. किनखापात चार शेर बसेल काय?"

"सांजेपर्यंत बसवितो, महाराज."

मग महाराज येमाजीरावांकडे वळून म्हणाले, "निशाण तूर्त तुम्हांकडेच. परंतु काठी कलली तर आम्हांस कारभाऱ्यांचे ऐकावे लागेल."

दसऱ्यास नदीकाठी वारा मागील सालाहून दांडगा होता. शेजारचा वकील घोडा पुढे काढून पाहत राहिला. येमाजीरावांनी पाय रोविले आणि श्वास सोडीत कंबरेतून वळले, आणि निशाण वारा पोटात घेऊन फडाडले, आणि काठी ओळंब्यासारखी सरळ राहिली. वकील आपल्या घोड्याची आयाळ नीट करू लागला. महाराजांनी जवळ येऊन पुसले, "निशाणदार, जड होते?"

"खरे सांगतो महाराज, वजनाकडे ध्यानच गेले नाही."

ऐसे निशाण त्याच घरी राहिले. पुढे कारभाऱ्यांची याद रद्द जाहली आणि ज्याने त्याने फेकून पाहून गोळा निवडावा ऐसा ठराव जाहला. कारभाऱ्यांनी सात शेर निवडला आणि आठ दिवसांत मुकाट्याने तीनावर आले, आणि सर्वांस झोप बरी लागू लागली. हकीकत इतकीच. वाचणाराचे कल्याण असो.