आडपडद्याचा तंबू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही मुंग्या पळाल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण राग पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला, आणि तोंडाने सांगायची मला सवय नाही.

आमचे थोरले दीर तात्या फ्रीजशी बोलतात.

मी धाकट्या भावाची बायको. आमच्या मालवणाकडच्या घरात थोरल्या दिराने भावजयीशी सरळ बोलायचं नाही, आणि तिने त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत. गावात घर मोठं असतं, तिथे निभतं. मुलुंडला आमची एक खोली आणि आत स्वयंपाकघर. तात्या, आमचे हे, दोन मुलं आणि मी. इथे रीत कुठे ठेवायची? तात्यांनी उपाय काढला. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि माझ्या बाजूच्या फ्रीजला सांगायचे, "फ्रीजा, आज आमटीत मीठ कमी पडला."

लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, माणसाच्या डोक्यात फरक आहे. मग कळलं, डोकं शाबूत आहे, हट्टच जास्त. जुना फ्रीज बंद पडून नवा आला, तर त्याच्याशी ओळख होईपर्यंत काही दिवस गप्प होते.

तात्यांनी लग्न केलं नाही. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, आता घरी असतात. स्टोअरची सवय गेली नाही. कुठलीही वस्तू दहा दुकानं फिरून, दाबून, उलटी करून घेणार. चाळणी घ्यायची तरी सोबत रवा घेऊन जातात.

तर या माणसाने आमच्या थोरल्या मुलीला, सायलीला, शब्द दिला की दहावीची परीक्षा झाली की सगळ्यांनी तंबू घेऊन नदीकाठी राहायला जायचं. तिच्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या. पोरगी नाचायला लागली. इथपर्यंत मलाही बरं वाटलं.

मग एके दिवशी तात्या दारात आले. "फ्रीजा," म्हणाले, "तुज्या डोक्यावरच्या डब्यात जा काय असा, ता मी तंबूक घेतंय. थोडा थोडा करून परत करीन."

फ्रीजवरच्या डब्यात माझे पैसे होते. साड्यांना फॉल लावून लावून पिको मशीनसाठी साठवलेले. फ्रीज काय बोलणार? आणि मी तरी कशी बोलणार? मी पोळी लाटत राहिले. गप्प राहिले म्हणजे हो म्हणाले, असं धरून तात्यांनी डबा उतरवला. त्या दिवशीच्या पोळ्या कोणाला चावता आल्या नाहीत. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही.

पैसे गेले ते गेले, तंबू तरी यावा. तोही येईना.

आधी मॉलमधल्या दुकानात गेलो. तिथे तंबू उभे करून ठेवलेले. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, आम्हाला काढायला लावल्या, आणि घरच्यांना ओळीने आत निजवलं. मी लाजून बाहेर उभी. लोक मोबाईल काढून बघत होते. तात्या आतून म्हणाले, "ह्येच्यात आडपडदो खंय असा?" विकणारा पोरगा म्हणाला, काका, हा फॅमिली टेंट आहे, सगळे एकत्रच झोपतात. तात्या चपला घालून निघाले.

मशीद बंदरला गेले, आडपडदा नाही. घाटकोपरच्या कोणा माणसाकडे जुना तंबू होता, त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. गळला नाही. पण आडपडदा नाही, म्हणून नको. सुट्टी संपत चालली, सायली रडकुंडीला आली, तरी तात्यांचं एकच, आडपडदो.

घरात तर कहर. बाहेरच्या खोलीत खडूने तंबूचं माप आखायचे आणि मधोमध रेघ मारायचे. रेघेच्या एका बाजूला चौघं. दुसऱ्या बाजूला मी एकटी. मला एवढी लाज वाटली. कापडाच्या घरातसुद्धा मला वेगळी बसवायची? माझेच पैसे, आणि मीच रेघेपलीकडे? रोज सकाळी लादी पुसताना मी ती रेघ घासून घासून पुसायचे. रोज संध्याकाळी तात्या परत काढायचे. आमचे हे दोघांच्या मधून पेपर घेऊन जायचे. "तुमचं काय ते फ्रीजसमोर मिटवा," म्हणायचे.

शेवटी कुठूनतरी दोन खोल्यांचा तंबू आला. धाकट्याची शाळा सुरू व्हायच्या आधी कर्जतच्या बाजूला एका ओळखीच्या शेतात आम्ही तो उभा केला. मुलं आतल्या खोलीत घुसायला धावली. तात्या आडवे आले आणि तंबूच्या खांबाला म्हणाले, "ती खोली सोडा. ती तिची."

फ्रीज नव्हता ना तिथे.

जेवणं झाली. रागारागाने मी आत गेले, चेन ओढली आणि आडवी झाले. सवयीने गुडघे पोटाशी. मग पाय जरा सरकवले. अजून सरकवले. कशाला लागले नाहीत.

घरी मी ओट्याखालच्या पट्टीत झोपते. दिरांच्या समोर बाहेर कशी झोपणार? डोकं सिलेंडरकडे, पाय फ्रीजपाशी. पाय कधी लांब होत नाहीत. याचं मला काही वाटेनासंही झालं होतं.

कापडाच्या पलीकडून तात्यांचा आवाज आला. ते ह्यांना हळू विचारत होते, "पाय पुरले काय रे तिचे?"

"कोणाचे?" हे म्हणाले.

"अरे, रोज गाठोडा होवन निजता ती. मी पाणी पिऊक उठतंय तेव्हा दिसता. पाय फ्रीजाक लागतत. तुका दिसना नाय?"

ह्यांना दिसत नव्हतं. तात्यांना इतकी वर्षं दिसत होतं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. बघितलं, मनात ठेवलं, आणि एक शब्द बोलावा लागू नये म्हणून सगळी मुंबई पालथी घालून तंबू आणला, तोही माझ्या मशीनच्या पैशांनी. मी पडल्या पडल्या मोठ्याने म्हणाले, "मग फ्रीज हलवायचा होता."

तात्यांनी माझा आवाज असा पहिल्यांदा ऐकला असेल. मीही.

घरी आल्यावर तात्यांनी आणि ह्यांनी फ्रीज बाहेरच्या खोलीत नेला. तात्यांची खुर्ची गॅलरीत गेली. आता ते तिथेच बसतात.

पैसे ते देत राहिले. दर महिन्याला मी बाजारात गेले की डब्यात टाकून जायचे. डबा आता मांडणीवर होता. शेवटच्या वेळी मी घरातच होते, त्यांना माहीत नव्हतं. हातात नोटा घेऊन दारात आले, सवयीने फ्रीजच्या जागेकडे बघून बोलायला तोंड उघडलं. समोर भिंत. तिच्यावर फ्रीजच्या आकाराचा स्वच्छ चौकोन.

वळले, तर ओट्यापाशी मी. मग नोटा माझ्यापुढे धरल्या.

"मोजून घे गो," म्हणाले. "सगळे फिटले."

मी मोजले. पुरे होते.