दाबून बघायला काय जातं

सीवूड्समधल्या 'सागरछाया' सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदांच्या सोयीसाठी मोबाइल अ‍ॅप घेतले आणि ते समजावून सांगायला सभा ठेवली. सभेला वडा होता, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. सातशे दोनमधले दिनानाथ परुळेकर मात्र गेले नाहीत. छत्तीस वर्षांची सरकारी नोकरी त्यांनी एकही परिपत्रक न वाचता निभावली होती.

"शिकवणी कशाला?" ते पत्नीला, सरोजिनीबाईंना म्हणाले. "एकेक बटण दाबायचं. दाबून बघायला काय जातं?"

या पद्धतीने त्यांनी चार दिवसांत पुष्कळ ज्ञान मिळवले. क्लबहाऊस कुणाच्या तरी हळदीसाठी आरक्षित झाले. लिफ्टमध्ये साप असल्याची तक्रार नोंदली गेली आणि सर्पमित्र येऊन चहा पिऊन गेले. रविवारी सकाळी दिनानाथांनी 'घर सोडत आहे' हे बटण दाबले, 'मान्य आहे' वर तीनदा टिचकी मारली आणि काहीच झाले नाही असे पाहून ते दिवाळे गावात मासे आणायला गेले.

परतल्यावर वॉचमन धनाजी गेट उघडेना.

"काका, तुमी तर गेलात ना! सातशे दोन रिकामा दाखवतोय."

"अरे, मी समोर उभा आहे! पिशवीत सुरमई आहे, वर वाटण तयार आहे."

"मग पाहुणा म्हणून टाकू? पण त्याला घरमालकाची परवानगी लागते."

"घरमालक मीच!"

"ते गेले ना, काका."

सेक्रेटरी उदयसिंह आले. अ‍ॅपचा निर्णय फिरवण्याचा अधिकार समितीला नव्हता. या अटीलाही दिनानाथांनी सकाळीच मान्यता दिली होती. तेवढ्यात सातव्या मजल्यावरून सरोजिनीबाई ओरडल्या, "अहो, सुरमई नासेल!" उदयसिंहांनी वर पाहिले आणि ते गंभीर झाले. रिकाम्या घरात बाई! सरोजिनीबाईंना अनधिकृत वास्तव्याची नोटीस जागच्या जागी निघाली.

बाई मुळात हुशार. त्यांनी स्वतःच्या फोनवर अ‍ॅप घेतले आणि सातशे दोनमध्ये नवीन रहिवासी म्हणून अर्ज केला. रिकामे घर भरतेय म्हटल्यावर दोन मिनिटांत मंजुरी आली. मग त्यांनी वरून विचारले, "तुम्हाला कशात घालू? 'कुटुंबीय'ला लग्नाचा दाखला मागतंय. 'घरकामगार'ला नुसता फोटो चालतोय."

"घाल कशातही!" दिनानाथ ओरडले. पिशवीला वास येऊ लागला होता.

सुरमई झकास झाली. जेवण उरकून दिनानाथ आडवे होतात तोच त्यांच्या फोनवर संदेश आला, 'आपल्या कामाला दोन तारे मिळाले आहेत.'

"अगं, दोनच?"

"ताट कोण उचलणार? आणि मला तरी काय माहीत काय होतं ते. दाबून बघितलं."

झाले एवढेच की, सुधारण्याची संधी म्हणून अ‍ॅपने त्यांचा फोटो सगळ्या सोसायटीला पाठवला. खाली बटण होते, 'उद्यापासून बोलवा'. कुणालाच गरज नव्हती. सर्वांनी नुसते दाबून बघितले. सोमवारी दिनानाथांना अकरा घरची भांडी होती.

महिन्याभरात ते पावणेपाच ताऱ्यांवर पोहोचले. लग्नाचा दाखलाही ट्रंकेत सापडला, पण सरोजिनीबाईंनी तो अजून अपलोड केलेला नाही. "असं माणूस मिळत नाही हो हल्ली," त्या म्हणतात.

तुम्ही खुशाल हसा. तुमच्याही सोसायटीत असे अ‍ॅप आहे, त्यावर तुमचेही 'मान्य आहे' केव्हाच गेलेले आहे आणि घरच्यांनी तुम्हाला कोणत्या रकान्यात घातले आहे ते तुम्ही कधी पाहिलेले नाही. एकदा उघडून बघा की. बघायला काय जातं?