आप्पासाहेब गावी गेल्याची बखर

श्री. भिंग पुसून, दिवा लावून, मन ठिकाणी ठेवून प्रारंभ. वाचणारांचे सेवेशी सेवकाचा मुजरा विशेष. आज्ञा जाहली की, मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ करून राज्य करणारे राजे भरभराटीत असता एकाएकी मुके कां होतात आणि त्यांस पुन्हा वाचा कैसी फुटते, हे एका राज्याच्या हकिकतीवरून लिहून पाठविणे. त्यास, जे पाहिले ते पाहिले म्हणोन लिहितो, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन लिहितो, आणि जेथे ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही म्हणतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमासी हे वर्तमान घडले.

यंत्रमागांच्या एका गावी सुयोगराव नामे तरुण राजे राज्य करीत होते. राज्य म्हणजे मुलूख नव्हे, किल्ले नव्हेत. राज्य म्हणजे चॅनल. जे पाहात ती रयत, आणि व्हिडिओखाली जे लिहीत ते रयतेचे अर्ज. सुयोगराव पदार्थविज्ञानाचे पदवीधर, बुद्धीने तल्लख, आणि घरच्या स्वयंपाकघरात उभे राहून नित्याच्या गोष्टींची कारणे सांगत: कुकरची शिटी कां होते, कांदा चिरता डोळ्यांस पाणी कां येते, भिजल्या कापडाचा रंग गडद कां दिसतो. फौज म्हणावी तर एक मोबाइल, एक तिवई, आणि दिवा धरावयास तीर्थरूप आप्पासाहेब. आप्पासाहेबांची उमर मागावर गेली होती, त्यामुळे कान मंद आणि आवाज मोठा. खडखडाटात बोलायची सवय घरी बसल्यावरही सुटली नाही. सुयोगराव बोलता बोलता काही अवघड बोलून गेले की दिव्यामागून गर्जना होई, "म्हंजे?" मग सुयोगराव चिडून म्हणत, "आप्पा, शूटिंग चाललंय." आप्पासाहेब म्हणत, "चालू दे की. पर म्हंजे काय?" मग नाइलाजे सुयोगराव तेच पुन्हा सोपे करून सांगत, आणि आप्पासाहेब "आसं व्हय!" म्हणत, आणि हे सारे कापावयाचा कंटाळा म्हणोन तसेच रयतेपुढे जाई. आणि रयत वाढत गेली. कां वाढत गेली याचा शोध राजांनी केला नाही. जगातील प्रत्येक गोष्टीचे कारण पुसणारे, परंतु हे पुसिले नाही.

याजउपरी थोरल्या शहरी व्हिडिओ करणारांचा मेळा भरला आणि सुयोगरावांस बोलावणे आले. तेथे मिहीरराव म्हणोन मोठे राजे होते, ज्यांचे राज्य याहून कैक पट, ज्यांचा शब्द त्या मंडळीत प्रमाण. त्यांनी सुयोगरावांस पाहताच खांद्यावर थाप मारिली आणि बोलिले, "अरे, तू तोच ना, म्हंजेवाला! मागून ओरडतात ते कोण, वडील? सो क्यूट!" मग मंडळी हासली. मग एक बाई बोलिली, "करून दाखव ना, एकदाच. प्लीज." सुयोगरावांचे हाती थंड कॉफीचा पेला होता. नाही म्हणावयास अवकाश होता. तो पेला त्यांनी मेजावर ठेविला, कानामागे हात लाविला, मान पुढे काढिली, आणि वडिलांचे सोंग करून ओरडले, "म्हंजी?" हशा उसळला, आणि सर्वांत मोठ्याने हासले ते खासे सुयोगराव. मिहीररावांनी तो प्रसंग टिपून आपल्या राज्यात दाखविला. मग परतताना बसमध्ये सुयोगरावांचे कान तापले आणि लाज वाटू लागली. परंतु ती केल्या कर्माची वाटावी ती वडिलांच्या आवाजाची वाटली. येथे पदवीधराचे गणित चुकले, आणि पुढील सर्व अनर्थ या चुकीतून निघाला.

घरी आल्यावर म्हणाले, "आप्पा, खोलीत आवाज घुमतोय. शूटिंगपुरतं बाहेर बसत जाल का?" आप्पासाहेब म्हणाले, "म्हंजे?" सुयोगराव म्हणाले, "म्हणजे बाहेर." आप्पासाहेब क्षणभर दिवा हातात धरून उभे राहिले, मग तो जपून खुर्चीवर ठेविला, "बरं" म्हणाले, चपला पायांत घातल्या, आणि कोपऱ्यावर इराप्पा टेलरचे दुकान आहे तेथे जाऊन बसले. आणि मग तोच रिवाज पडला. मग सुयोगरावांनी जुन्या व्हिडिओंतूनही तो आवाज कापून काढिला. त्यामुळे ऐसे जाहले की राजे एक गोष्ट सांगत आणि लगेच कारण नसता तीच पुन्हा सांगत, आणि रयतेचे अर्ज येऊ लागले की, "सर, दोन-दोनदा का सांगता?"

आणि मग वाचा बसली. तिवई उभी राही, दिवा लागे, "नमस्कार मंडळी" येथवर स्वारी निर्विघ्न जाई आणि पुढे घाट चढेना. लिहून काढिले तर वाचताना पाठ्यपुस्तक वाटे, न लिहिता बोलिले तर तोंडात वाळू भरल्यासारखे होई. मग उपाय आरंभिले. नवा माइक आणविला. तिवईचे तोंड पूर्वेस केले. ज्यांस सुचते त्यांचे व्हिडिओ पाहिले, आणि सुचत नसता काय करावे याचेही व्हिडिओ पाहिले, आणि त्यांत सांगितल्याप्रमाणे सकाळी फिरून आले, गार पाण्याने न्हाले, मोबाइल बंद करून बसले. आईसाहेब शालनबाई हे सारे पाहात होत्या, त्या बोलिल्या, "आरं, भिंतीसंगं बोलायला लागलास म्हणून वाचा बसली तुझी. माणसासंगं बोलत हुतास तवर बसली न्हवती." सुयोगराव म्हणाले, "आई, तुला यातलं कळत नाही." आईसाहेब म्हणाल्या, "न्हाई बाबा, मला कुठलं कळतंय," आणि धुणे वाळत घालण्यास गेल्या.

इकडे आप्पासाहेबांस आजोबा म्हणणारी रयत पुसू लागली, "आजोबा कुठे गेले? आजोबांना आणा." एक अर्ज आला, दुसरा आला, मग रोज येऊ लागले. सुयोगरावांनी खरे लिहावे तर कैसे लिहावे? तेव्हा एके दिवशी त्यांनी सर्वांस एकच उत्तर लिहिले की, "आप्पा गावी गेले आहेत. तब्येत छान आहे. लवकरच येतील." घरातील माणूस घरापासून चार दारांवर बसले असता ही राजमुद्रा उठविली. तों थोड्या वेळाने त्याखालीच अर्ज आला, लिहिणार इराप्पा टेलर: "गावाला? आत्ता माझ्या दुकानात काजं करत बसल्यात की ओ!" आणि खाली हासणाऱ्या तोंडांची रांग लागली. सुयोगरावांनी ते वाचिले आणि मोबाइल पालथा ठेविला, मग पुन्हा उचलून पाहिला, मग पुन्हा पालथा ठेविला. अर्ज पुसून टाकावा ऐसे मनात आले. परंतु पुसला तर तेही दिसणार. लाज कानी चढते आणि तेथून उतरत नाही, हा अनुभव त्यांस त्या दुपारी आला.

तों दारात चपला वाजल्या आणि आप्पासाहेब आले. बोटावर शिंप्याचे अंगुस्तान तसेच राहिले होते. जोत्यावर बसले, घाम पुसला, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय रं, मी गावाला गेलोय म्हणं?" सुयोगरावांनी मोबाइल पाठीमागे लपविला. आप्पासाहेब म्हणाले, "न्हाई, इचारून ठेवतो. कवा येणार हाय मी परत?" आईसाहेबांस हसू आले ते पदराआड दाबिले, मग पोराचे तोंड पाहिले आणि हसू गेले. आप्पासाहेबांनी दुसरे काही पुसिले नाही. आत गेले, चहा टाकिला, आणि पातेल्यातून कपात ओतू लागले. सांडू नये म्हणोन फार जपून ओतिला, म्हणोन चहा काठावरून वळून पातेल्याच्या अंगावरून ओघळला आणि निम्मा ओट्यावर गेला.

सुयोगराव काहीतरी बोलावे म्हणोन बोलिले, "आप्पा, ते पृष्ठताणामुळं होतं. द्रव पृष्ठभागाला आसंजनानं चिकटतो." आणि सवयीने थांबले, की आता "म्हंजे?" येईल आणि आपण सोपे करून सांगू. परंतु आप्पासाहेबांनी फडक्याने ओटा पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "आसं. कळलं." हा हळू आवाज सुयोगरावांनी जन्मात ऐकिला नव्हता. काही कळले नाही हे उघड होते, आणि तरी वडील आपल्याशी परक्या माणसाशी वागावे तैसे वागले, आपला मान राखिला, हे त्यांचे ध्यानी आले. तेव्हा राजांनी मान खाली घातली. व्हिडिओ जाहला नाही तर न जाहला, राज्य बुडाले तर बुडाले. परंतु या माणसाने मजपुढे पुन्हा कधी काही पुसिले नाही तर काय, हे एकच भय राहिले. आणि मग तोंडातून निघाले ते कोठे लिहिलेले नव्हते. म्हणाले, "आप्पा, मला पण नाही कळलंय. नुसता शब्द म्हटला मी. चिकटतो, तर मग घाईनं ओतल्यावर का नाही चिकटत?"

आप्पासाहेबांनी फडके थांबविले. पाहिले की पोरगे चेष्टा करीत नाही. म्हणाले, "व्हय की. जपून वतलं की सांडतंय, धसाधसा वतलं की न्हाई. उलटं पायजे." मग विचार करून म्हणाले, "साखर आसंल. साखरंनं चिकाट हुतंय." मग पातेल्यात नुसते पाणी घेतले, आणि जपून ओतिले, आणि तेही ओघळले. आप्पासाहेब खट्टू जाहले. "साखर न्हवं म्हण की." मग सुयोगरावांनी आईसाहेबांकडून बोटभर तूप मागून काठास लाविले आणि पुन्हा तैसेच जपून ओतिले, तों धार काठावरून सुटून नीट कपात पडली. आईसाहेब म्हणाल्या, "माझं तूप!" आणि आप्पासाहेब म्हणाले, "आगं, तुपाचं ऱ्हाऊ दे, धार बघ धार!" सुयोगराव धावले आणि मोबाइल आणून तिवईवर लाविला, आणि लाल ठिपका लागला, आणि आप्पासाहेब तो ठिपका पाहून एकाएकी दगडी मूर्ती जाहले. सुयोगराव म्हणाले, "पाणी काठाला भिजवतं आप्पा, म्हणून धरून राहतं. तूप लावल्यावर भिजवता येत नाही." आप्पासाहेबांची नजर ठिपक्यावरच. "विचारा की आप्पा." आप्पासाहेब हळूच म्हणाले, "आवाज घुमतोय न्हवं माझा?" सुयोगराव म्हणाले, "घुमत नव्हता. मला त्या पोरांपुढं लाज वाटली." ठिपका लाल तो लालच होता.

आप्पासाहेब म्हणाले, "ते म्हाईत हाय मला. इराप्पानं दावलं. कानामागं हात लावून करून दावलंस ते." सुयोगरावांचे डोळे भरले. आप्पासाहेब म्हणाले, "एक सांगू? ते चुकलंय तुझं. तू 'म्हंजी' म्हटलास. मी म्हंजी म्हणत न्हाई, म्हंजे म्हणतो. 'म्हंजी' तुझा आज्जा म्हणायचा. घरच्या माणसाची नक्कल करायची तर धड तरी करावी." आणि हे बोलून हासले, परंतु ते हसू डोळ्यांपर्यंत गेले की नाही हे सेवकास ठाऊक नाही, त्या वेळी त्यांनी तोंड चहाच्या कपात घातले होते. मग कप ठेवून म्हणाले, "आता सांग. तुपाला भिजवता येत न्हाई, म्हंजे?" सुयोगराव बोलू लागले आणि थांबले नाहीत, जेथे अडले तेथे अडलो म्हणाले, आणि दोघे मिळून तेल, साबण, मेण ऐसे एकेक काठास लावून पाहात राहिले, आणि आईसाहेबांनी स्वयंपाक अंगणात चुलीवर केला.

तो व्हिडिओ त्यांनी रयतेपुढे ठेविला, त्यात लाज वाटली म्हणालेले ठेविले, रडलेलेही कापिले नाही. आणि इराप्पाच्या अर्जाखाली स्वहस्ते लिहिले, "गावी गेले नव्हते. मीच बाहेर बसवले होते." मिहीररावांकडून निरोप आला की, "भावा, सो क्यूट!" त्यास उत्तर गेले नाही. जुन्या व्हिडिओंत कापलेला आवाज होता तैसा परत बसविला, आणि त्या दिवसापासून सुयोगरावांची वाचा पुन्हा बसली नाही. सुचेनासे जाहले की ते मोबाइल बाजूस ठेवितात आणि वडिलांस काहीतरी सांगू लागतात, आणि अडते तेथून व्हिडिओ निघतो.

तात्पर्य, राज्य राहिले, वाढलेही. कमी जाहले ते एवढेच की, पूर्वी आप्पासाहेब मनात येताच दिव्यामागून ओरडत असत, आता ओरडण्यापूर्वी क्षणभर लेकाच्या तोंडाकडे पाहतात, आणि त्याने मान हालविली की मग पुसतात. सुयोगराव दर खेपेस मान हालवितात, आणि दर खेपेस त्यांचे कान तापतात. पाहिले तितके लिहिले, अधिक ठाऊक नाही.