गोदामातला पाहुणा आणि गळ्याची शपथ

शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे पोचलेल्या त्या यानाच्या गोदामात माणसं खाणारा एक प्राणी राहत होता, आणि या अमावास्येला तो अनंता बिवलकरला खाणार, असं सभेत चिठ्ठ्या टाकून रीतसर ठरलं होतं.

अनंताची तक्रार नव्हती. चिठ्ठी नेमकी आपलीच निघावी याचं वाईट मात्र वाटलं. "तुमची शिल्लक रजा घरच्यांना मिळेल," कॅप्टन शुभदा रेगे म्हणाल्या. आता घरचं म्हणजे कोण, तर एकटी आई, द्वारकाबाई. तीही याच यानात! रजा घेऊन ती बिचारी जाणार कुठे?

द्वारकाबाईंना एक खोड होती. कुणी बाहेर पडलं की यांच्या तोंडून आलंच, "कुठे निघालात?" निघालेल्याला 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं. मग मागे येऊन टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. पण नव्याने निघालं की बाई नव्याने विचारणार!

प्राण्यालाही हे पटलं होतं. मागे एका अमावास्येला चिठ्ठी निघालेल्या हेगिष्ट्यांना खायला निघाला तेव्हा बाईंनी विचारलं, तरी हा न टेकता तसाच गेला. हेगिष्टे ऑक्सिजनच्या टाकीसकट पोटात गेले आणि पोट जे फुगलं, ते काही विचारू नका. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला.

अनंताने मात्र आईचं तोंड बंद केलं होतं. मागे तो यानाबाहेर अँटेना दुरुस्त करायला निघाला, आईने विचारलं, आणि हातातला पाना सुटून अंतराळात गेला तो गेलाच. अनंता तणतणत आत आला. "आई, माझ्या गळ्याची शपथ आहे, पुन्हा कुणाला 'कुठे' विचारलंस तर!"

झालं. अमावास्येला प्राणी गोदामाबाहेर पडला तेव्हा दाराशीच द्वारकाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. विचारावं तर पोराची शपथ मोडते, न विचारावं तर पोरगाच जातो. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांना धार लागली.

प्राणी जरा घुटमळला. "येतो हं," तो म्हणाला. बाईंनी नुसती मान हलवली.

अनंता अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून खोलीत बसला होता. समोरच्या पडद्यावर त्याला सगळं दिसत होतं. बोळात पावलं वाजायला लागली. मेलो, मेलो! त्याने कर्ण्याचं बटण दाबलं.

"आई, शपथ सुटली! सुटली म्हणतो ना! अगं, विचार त्याला!"

बाईंनी तोंडातला पदर काढून बोळात हाळी दिली. "अहो पाहुणे, कुठे निघालात?"

प्राणी जागीच थबकला. "बाई, अगदी त्याच्या दारापाशी पोचलो होतो हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला आणि मागे फिरला. टेकला, पाणी प्यायला, उठला. "कुठे निघालात?" पुन्हा टेकला. अमावास्या संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी कॅप्टननी कार्यवाही तहकूब झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी अनंता नवा पाना घेऊन अँटेनाकडे निघाला. आईने मेथीतून मान वर केली.

"कुठे निघालास रे?"

अनंताने ओठांवर आलेलं गिळलं आणि मुकाट्याने मागे येऊन बाकावर टेकला. शेजारी प्राणी आधीच बसला होता. तोही सकाळी पाय मोकळे करायला निघाला होता. त्याने जरा सरकून जागा दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.