काट्यांचो डॉक्टर

मुंबईला जाताना गुरुदासने आईला एकच गोष्ट बजावली होती, "आये, माझ्या झाडांका पाणी घालू नको." आणि नर्मदाबाईंना नेमकी तीच गोष्ट जमली नाही.

धामापुरात निवडुंग उगवतो तो शेताच्या कडेला, कुंपण म्हणून. त्यावर शिकून मुलगा एम.एस्सी. झाला, याचा नर्मदाबाईंना कोण अभिमान! विहिरीवर त्या सांगत, "माजो झील काट्यांचो डॉक्टर आसा!" परिणामी पायात काटा रुतलेले दोघेतिघे लंगडत दारी येऊन गेले.

गुरुदासची नोकरी मात्र खरोखरच त्या काट्यांवर अडली होती. "परदेशी निवडुंग कोकणच्या पावसात जगवून दाखवा, मग कॉलेजात या," असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. म्हणून त्याने ते घरी कुंड्यांत लावले होते. चतुर्थीनंतर सर स्वतः बघायला येणार होते.

इकडे रोज तुळशीला पाणी घालताना नर्मदाबाईंचा जीव तुटे. "तुळशीक पाणी आणि ह्येंका नाय? पाप लागतला!" असं म्हणाल्या की तांब्या कुंड्यांकडे वळलाच.

त्यात शेजारचे भिकाजी म्हणाले, "वैनी, तुज्या झिलाचा नाव मोठा झाला हां!" आणि संध्याकाळी निरोप आला, गुरुदास तापाने पडलाय. दिष्टच ती! गावात दृष्टीसाठी दारावर कोरफड टांगतात. पण एवढ्या शिकलेल्या मुलाला साधी कोरफड कशी पुरणार? नर्मदाबाईंनी त्याच्या कुंड्यांतलं सर्वांत काटेरी झाड उपटलं, माती झटकली आणि दाराच्या चौकटीला उलटं टांगलं.

गुरुदास बरा होऊन सरांना घेऊन आला, तेव्हा कुंड्यांत नुसता लगदा होता.

"आये, पाणी घातलंस?"

"थोडासाच. रोज."

गुरुदास मटकन खाली बसला. नोकरी गेलीच म्हणायची! सर मात्र दारात मान वर करून उभे होते. उलटा निवडुंग गुलाबी फुलांनी भरला होता.

"हे कुणी केलं?"

"मिया," नर्मदाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "दिष्ट लागा नये म्हणान."

गुरुदास उडी मारून उठला. "मुळं कोरडी राहिली, सर! म्हणून कुजलं नाही!"

"पावसाळ्यात मातीतून काढून टांगायचं! वा! सोमवारी रुजू व्हा."

"बघलास? दिष्ट उतारली," नर्मदाबाई म्हणाल्या.

पुढे गुरुदास निवडुंगांचे नावाजलेले प्राध्यापक झाले. त्यांच्या खोलीच्या दारावर एक निवडुंग उलटा लटकलेला असे. कारण विचारलं की ते ऐटीत सांगत, "मुळं कोरडी राहतात."

"आणि सर, त्याच्या शेजारी टांगलेलं लिंबू?" एका विद्यार्थ्याने विचारलंच.

गुरुदाससरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आयेक सांगू नको हां! गेल्या शनवारी बदलूक इसारलंय."