वानखडेकाकांचा साखरपहारा

कुणाच्याही घरी गेलं की वानखडेकाका आधी साखरेचा डबा उचलून माळ्यावर ठेवत. स्वतःच्या नव्हे, त्या घरातल्या माळ्यावर! मग बिनसाखरेचा चहा पीत आपल्याकडे असे बघत बसत, की आपलाही घोट घशात अडकावा. "साखर चोरपावलानं येते, बाप्पा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माणूस अकोल्याकडचा, रेल्वेत गार्ड होता. निवृत्त झाल्यावरही जयपूर सोडलं नाही. काकू गेल्यापासून मानसरोवर कॉलनीत आमच्या शेजारी एकटेच राहत. त्यांना मधुमेह नव्हता, काकूंनाही नव्हता. मग हे वेड कशापायी, ते मला काही केल्या कळत नसे. एकदा तीजेच्या सणाला समोरच्या शर्मांनी घेवर, म्हणजे तिथली पाकातली मिठाई, पाठवली, तर काकांनी डबा परत नेऊन दिला आणि वर हात जोडून सांगितलं, "आप अच्छे लोग हैं, ऐसा मत कीजिए." घेवरात बिघडलं तरी काय होतं, असं शर्माजी कितीतरी दिवस आम्हालाच विचारत होते.

त्या हिवाळ्यात ह्यांना न्यूमोनिया झाला. अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली. सासर-माहेर दोन्ही लांब, धावून आले ते काकाच. पण माझ्याजवळ बसायचं सोडून ते दाराशी उभे! रोग्याच्या ओठांना प्रसाद लावल्याशिवाय तिथल्या नातेवाइकांना चैन पडत नाही, म्हणून काका आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मुठी तपासत. एका म्हातारबाबांच्या तर पगडीतून त्यांनी लाडू शोधून काढला.

"भाईसाब, बालाजी का परसाद है!"

"बालाजी को भी अंदर मना है!"

हसावं की रडावं, मला समजेना.

आणि एका सकाळी नर्स म्हणाली, ह्यांची साखर खूप वाढलीये. काका माझ्यावरच उलटले. "खरं सांग पोरी, काय चारलं त्याले?"

"अहो, घशात नळी आहे त्यांच्या! चारू कुठून?" माझा तोल गेला. नवरा आत जगतोय की जातोय याचा पत्ता नाही, आणि हा माणूस माझी झडती घेतोय! मी पिशवी त्यांच्यापुढे उलटी केली. कंगवा, रुमाल आणि ह्यांचा चष्मा खाली पडला.

आमचे डॉक्टर मराठीच, पण जन्म जयपूरचा. ते म्हणाले, "वहिनी, मतलब, शरीर एवढं आजारी पडलं ना, की ते स्वतःच साखर सोडतं. सलाइनमधली साखर बंद केली, तरी चढते. इन्सुलिन देतोय, पण शरीर ऐकतच नाही. का ऐकत नाही, ते आम्हाला पण पूरं समजलं नाहीये. ऐकायला लागलं तर चांगली निशाणी. नाही तर... बघू."

काकांनी त्यांची बाही धरली. "काई न खाता वाढते?"

"हो."

"आन् समजा, कोनं अर्धा पेढा देल्ला असंल तं?"

"अर्ध्या पेढ्यानं काय होणार, काकाजी?"

काकांनी तेच पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

मग काका दार सोडून ह्यांच्या खाटेशी गेले आणि त्या बेशुद्ध माणसाला दरडावू लागले, "ऐक नं रे बाप्पा! कवाचं सांगून राह्यलं इन्सुलिन तुले!" नर्सनं त्यांना बाहेर काढलं. पण कसं कोण जाणे, हळूहळू ह्यांचं शरीर ऐकायला लागलं. साखर उतरली, ताप उतरला, नळी निघाली.

हे घरी आल्यावर मी पेढे आणले. काकांकडे डबा भीतभीतच नेला. त्यांनी मुकाट्यानं एक पेढा घेतला आणि तळहातावर ठेवून बघत बसले.

"तुही काकू अशीच पडली होती दवाखान्यात," ते म्हणाले. "पेढा दे म्हणे. म्या भेत भेत अर्धा देल्ला. सकाळी साखर चढली. कोनं चारलं म्हणून डॉक्टर वरडला, तं म्या तोंड नाही उघडलं. संध्याकाळी गेली ते."

माळ्यावर गेलेले ते सगळे डबे मला आत्ता कुठे समजले. मी म्हटलं, "काका, डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? अर्ध्या पेढ्यानं काही होत नाही."

"ऐकलं नं." काका तळहातावरच्या पेढ्याकडेच बघत होते. "काई होत नोतं, तं मंग म्या तिले अख्खाच काऊन नाही देल्ला?"